मासळीच्या खतावरची द्राक्षं

चामोर्शीपासून तीन कोसांवर, वैनगंगेच्या काठी, सरकारची एक फळबाग होती. आंबा, लिंबू, सीताफळ यांची रोपं तिथं तयार होत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी गावोगाव जात. खुशाल बारसागडे तिथं रोजंदारीवर माळीकाम करी. नऊ वर्षं झाली होती. वय चाळिशीला टेकलेलं, अंगानं किडकिडीत, खांद्यातून थोडा वाकलेला. बोलणं कमी, पण त्यानं लावलेलं रोप सहसा मरत नसे, एवढं बागेतले सगळे मान्य करत.

एक्क्याऐंशीच्या जानेवारीत बागेवर देवरे नावाचे नवे साहेब आले. नाशिककडचे, तिशीच्या आतले. येताना ट्रकमधून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली द्राक्षाची चाळीस रोपं घेऊन आले. बागेतल्या चार मजुरांत बापूराव सर्वांत वयस्कर. त्यानं रोपं पाहिली आणि तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारला.

"साहेब, हा धानाचा मुलूख आहे. इथी उनाळ्यात माणूस वाळते. तुमचा वेल कसा जगन?"

"जगवायचा," देवरे म्हणाले. "म्हणूनच आणलाय."

मांडवाला जंगलखात्याकडून लाकडी खांब, बल्ल्या, मिळाल्या, वरून तार ताणली गेली. खड्डे खुशालनंच खणले, कमरेइतके खोल, चाळीसच्या चाळीस. हे काम त्याच्याकडेच येणार हे कुणी न सांगताही ठरलेलं होतं.

देवऱ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होती. त्यांच्या वडिलांचा द्राक्षाचा बाग होता. पोत्यातल्या खतावर तो तीन-चार वर्षं जोरात चालला आणि मग जमीनच बसली. पाणी धरेना, गांडूळ दिसेना. इथं तर पोत्यातलं खत यायचीही खात्री नव्हती. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद. म्हणून या चाळीस वेलांना जे काही घालायचं ते इथल्याच मातीतलं, झाडपाल्यातलं, गुरांचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्याजवळ एक लहानशी पुस्तिका होती. ती उघडून ते खुशालला वाचून दाखवत. खुशाल सातवी शिकलेला होता, स्वतः वाचू शकत होता, पण साहेबाला वाचून दाखवायची हौस आहे म्हणून ऐकून घेई.

"शेणखत झालं, बोरूचं हिरवं खत झालं," एक दिवस देवरे म्हणाले. "आता मुख्य राहिलं. द्राक्षाला हाडं लागतात, खुशालभाऊ. हाडांचा चुरा. मुळं त्यानंच धरतात. इथं गावाबाहेर मेलेली गुरं टाकतात ना, ती ढोरफोडी? तिथं हाडं पडलेली असतील. तुम्ही गोळा करून आणा, आपण भाजून कुटू."

साहेबानं हे त्यालाच सांगितलं, कारण चौघांत तोच नीट काम करणारा होता. दुसरं काही साहेबाच्या मनात नव्हतं. पण बापूराव आणि दुसऱ्या एका मजुरानं एकमेकांकडे पाहिलं, आणि ते पाहणं खुशालनं पाहिलं.

त्यानं हातातली पाटी खाली ठेवली आणि विहिरीवर जाऊन हात धुतले.

त्याचे वडील, रामाजी, छप्पन साली गावातल्या अकरा माणसांबरोबर दीक्षेला गेले होते. डोंग्यानं नदी ओलांडून मूल गावापर्यंत पायी आणि पुढं रेल्वेनं चांद्याला. परत आले ते ठरवूनच, की यापुढं गावातलं मेलेलं ढोर ओढायचं नाही. आठव्याच दिवशी पाटलाचा बैल मेला. बोलावणं आलं. रामाजी गेले नाहीत. तीन दिवस तो बैल गोठ्यापुढं फुगत पडला होता. खुशाल तेव्हा चौदा वर्षांचा. त्या हंगामात त्यांच्या वस्तीतल्या कुणाला धान कापायला बोलावलं गेलं नाही. घरात मोहफुलं उकडून खाल्ली, अंबाडीची भाजी खाल्ली, नुसती, भाकरीशिवाय. आई त्याच वर्षी गेली. ती उपाशी मेली असं रामाजी कधी म्हणाले नाहीत. पण ढोराला हात लावला नाही, हे ते म्हातारपणीही सांगत, आणि सांगताना त्यांची मान ताठ होई.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशाल साहेबांच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"साहेब, मी हाडं आणणार नाई."

"का हो? लांब पडतं?"

"लांब नाई. आणणार नाई."

देवऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे. बहुधा तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, कारण त्यांचा चेहरा उतरला. "बरं," ते म्हणाले. "मी दुसऱ्या कुणाला सांगतो."

दुसऱ्या कुणाला म्हणजे बापूरावला. बापूराव हसला. "ते आमचं काम नोहे, साहेब." तिसऱ्यानंही तेच सांगितलं, चौथ्यानं तर कानाला हात लावले. नागपूरहून तयार चुरा मागवायचा कागद साहेबांनी वर पाठवला, तो कुठं गेला कळलं नाही.

आठवडा गेला. देवरे मांडवाखाली एकटेच उभे असलेले पाहून खुशालला राहवलं नाही.

"साहेब, हाडायबिगर नाई होत का?"

"होईल. पण त्यात जे असतं ते दुसऱ्या कशातून तरी यायला पाहिजे."

"मले एक वरीस द्या. मी पाह्यतो."

हे शब्द तोंडून गेले आणि पुढची सात वर्षं त्याच्या खांद्यावर बसली. नकार कुणालाही देता येतो. पण नकार देणाऱ्यानं मग दाखवून द्यावं लागतं, आणि ते दाखवण्यात माणूस झिजतो.

पहिल्या वर्षी तो चुकला. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर जी ढेप उरते ती गावोगाव पडलेली असते. ती फोडून त्यानं ओलीच मुळाशी घातली. पंधरा दिवसांत आळ्यातली गांडुळं मरून वर आली. पानांच्या कडा करपल्या. आठ वेल गेले. ढेपेत कडू विष असतं, तळ्यात टाकली तर मासे तरंगतात, हे तो लहानपणापासून जाणत होता. तरी घातली. कुजवून घालायची हे सुचलंच नाही. देवरे रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

पण तळ्यावर तरंगणारे मासे आठवले आणि त्यातूनच त्याला दुसरी वाट दिसली.

नदीकाठी ढिवरांची वस्ती होती. मनकर्णा नावाची बाई तिथं मासळी साफ करून बाजाराला नेई. साफ केलेल्या मासळीची आतडी, खवले, डोकी, काटे असं सगळं काठावर पडे आणि घारी-कावळे त्यावर तुटून पडत. खुशाल तिच्यापुढं दोन डबे घेऊन उभा राहिला.

"बाई, हे फेकता ते मले देसान का?"

"हे? कायले?"

"खताले. अंगुराच्या."

मनकर्णानं हातातली पाती थांबवली. "भाऊ, अंगुर मासळी खाते?"

"खाऊन पाह्यते का ते पाहू."

ती हसली आणि त्या दिवसापासून त्याच्यासाठी एक टोपलं वेगळं ठेवू लागली.

देवऱ्यांना सांगितलं तेव्हा तेही हसले, फार दिवसांनी. "म्हणजे हाडंच की हो ही. माशाची."

"माशाले हाड नाई म्हणत साहेब," खुशाल म्हणाला. "काटा म्हणते."

ढिवरांची वस्ती बागेपासून मैलभर. सकाळी सायकलला दोन डबे अडकवून जायचं, भरून आणायचे. वाट रेतीची, सायकल ढकलतच आणावी लागे. खड्ड्यात तळाला धानाची तणस, त्यावर मासळी, त्यावर शेण, वाळलेला पाला, चुलीतली राख, वर माती. पुन्हा तणस. खड्डा भरला की बोरीच्या काट्यांनी झाकायचा, नाहीतर कुत्री आणि रानडुकरं उकरत. महिन्यानं सगळं उपसून पुन्हा भरायचं, खालचं वर, वरचं खाली. चार महिन्यांनी काळं, भुसभुशीत खत हाताला येई. मेंढरं घेऊन फिरणारे कुरमार उन्हाळ्यात बागेशेजारी बसत, त्यांच्याकडून लेंड्यांचं खत. ढेपही तो वापरू लागला, पण आता खड्ड्यात सहा महिने कुजवून. पावसाळ्यात वेलांच्या रांगांत बोरू पेरायचा, फुलावर आला की उपटून तिथंच गाडायचा. उन्हाळ्याच्या तोंडी एक छाटणी, दिवाळीच्या आधी दुसरी, आणि दोन्ही वेळा दर वेलाला पाच टोपली खत. टोपलं खांद्यावर, कारण मांडवाखाली हातगाडी जात नसे. वाकून आत जायचं, वाकूनच बाहेर यायचं.

बत्तीस वेल राहिले होते. त्यांना नवी फूट आली, बोटाएवढी जाड. पण खुशालची कंबर धरली. संध्याकाळी तो घरी येई तो अंगणातल्या खाटेवर बसूनच राही. रुखमा, त्याची बायको, पाणी आणून ठेवी आणि पदर नाकाला लावी.

"अवो, आंघोळ तरी करा. सारं घर घमघमून राह्यलं."

"उठतो."

"कवा उठता? मांगच्या घडीपासून तसेच बसून आहा."

"उठतो म्हनलं ना."

तो उठायचा, अंगाला राख आणि कडुनिंबाचा पाला चोळायचा, पण कुजलेल्या मासळीचा वास तसा जात नाही. बाजाराच्या दिवशी एसटीत तो बसला की शेजारचा माणूस उठून पुढं जाई. खुशाल खिडकीबाहेर पाहत बसे. ज्यासाठी एवढं केलं ते तर हेच होतं, कुणी आपल्याजवळून उठून जाऊ नये. आणि तरी लोक उठून जात होते. यावर विचार करायलाही अंगात त्राण राहत नसे.

रामाजी तेव्हा ऐंशीच्या पुढं गेले होते. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. पडवीत घोंगडीवर बसून असत. जेवणाचं ताट खुशालच त्यांच्यापुढं ठेवी, घास कुठं आहे ते सांगे. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात एक दिवस त्यांनी ताट बाजूला सारलं.

"भूक नाई."

दुसऱ्या दिवशीही तेच. रुखमानं वाढलं की खात, खुशालनं वाढलं की सारून देत. तिसऱ्या दिवशी खुशालनं विचारलं, "बाबा, काऊन जेवत नाई? काई झालं का?"

 म्हातारा तोंड भिंतीकडे करून म्हणाला, "तुयाजवळ वास येते."

"हाव. येते."

"मी चाळीस वर्सं तो वास घेऊन हिंडलो. मले सांगू नोको काय हाय ते. तू त्या कामाले लागला." त्यांनी घोंगडी अंगाशी ओढून घेतली. "सरकारनं लावलं का? पैशापायी गेला का?"

 खुशाल तिथंच जमिनीवर बसला. "नाई बाबा. मासळी आहे ते. ढिवरायची."

"खोटं नोको बोलू."

"खोटं नाई."

"सडलं म्हंजे समदं एकच असते," म्हातारा म्हणाला.

रुखमानं समजावून पाहिलं, शेजारच्यांनी सांगून पाहिलं. म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. शेवटी एका रविवारी खुशालनं त्यांना सायकलच्या कॅरियरवर बसवलं, कमरेला उपरण्यानं सीटशी बांधलं, आणि चालतच, हँडल धरून, बागेत नेलं. दीड कोस. वाटेत दोनदा थांबावं लागलं, एकदा म्हाताऱ्यासाठी आणि एकदा स्वतःसाठी.

आधी त्यानं त्यांना नव्या खड्ड्याजवळ नेलं. वास इतका होता की म्हाताऱ्यानं मान फिरवली. खुशालनं त्यांचा हात धरून टोपल्यात घातला. रामाजींची बोटं चाचपत राहिली. गुळगुळीत खवला. माशाचं डोकं. कल्ला. काट्यांचा बारीक कंगवा. तो त्यांनी दोन बोटांत धरला आणि वाकवून मोडून पाहिला.

"मरळ हाय हे," ते म्हणाले.

"हाव. मरळ आहे, वाघूर आहे, झिंगे आहेत."

मग जुन्या खड्ड्याजवळ. तिथलं खत त्यानं त्यांच्या ओंजळीत दिलं. म्हाताऱ्यानं ते नाकाशी नेलं. पावसाळी जंगलात साल कुजते तसा ओला वास होता, बाकी काही नाही. त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं, थुंकून टाकलं.

"किती दिवसात होते असं?"

"चार महिने."

"आणि हे समदं तूच उपसते? एकटा?"

"दुसरं कोन करन?"

रामाजींनी त्याचा खांदा चाचपला. टोपल्यांनी तिथं घट्टा पडला होता, हाताला लागेल एवढा. त्या घट्ट्यावर ते हात ठेवून राहिले. चांगलं केलंस असं काही म्हणाले नाहीत. "मले घरी ने," एवढंच म्हणाले. त्या दिवशी खुशालनं वाढलेलं ते जेवले. पुढं सव्वा वर्षानं, चौऱ्याऐंशीच्या थंडीत, ते गेले. द्राक्ष त्यांच्या तोंडी लागलं नाही. वेलांना तोवर घड धरलेच नव्हते.

घड धरले ते पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये, थोडेसे, आंबट. देवऱ्यांनी एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आमच्याकडे हे कुणी घेणार नाही." मग दुसरा टाकला. तिसरा. त्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी ती पुस्तिका खुशालला दिली. खुशालनं ती घरी नेऊन फडताळात ठेवली, उघडली मात्र फारशी नाही.

शहाऐंशीला मात्र वेल लदलदून आले. राख वाढवून घातली होती, त्यानं गोडी आली असावी. लांबट, हिरवट-पिवळे मणी, उन्हात आरपार दिसणारे. बापूरावसुद्धा मांडवाखाली येऊन मान वर करून उभा राहिला. "खुशाल, लेका, हे खरंच झालं बापा," तो म्हणाला, आणि न विचारता एक घड तोडून घेतला. मनकर्णाला खुशालनं टोपलंभर द्राक्षं नेऊन दिली. तिनं एक मणी चावला आणि म्हणाली, "मासळीचा वास नाई येत," आणि मग स्वतःच हसत सुटली.

जिल्हा नवा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती, आणि नव्या जिल्ह्यात प्रत्येकालाच काहीतरी करून दाखवायचं होतं. गडचिरोलीला शेतमालाचं प्रदर्शन भरलं. बागेवरच्या नव्या साहेबांनी चार पेट्या भरायला लावल्या आणि उचल-ठेवीसाठी खुशालला बरोबर घेतलं. मंडपात टेबलावर घड मांडले गेले. बाजूला पुठ्ठ्याचा फलक. खुशाल टेबलामागं उभा होता. पाय दुखत होते म्हणून टेबलाला टेकला आणि सहज त्यानं फलक वाचला. वाण. लागवडीचं साल. मग, 'खत: शेणखत, हिरवळीचे खत, हाडांचा चुरा.'

त्यानं पुन्हा वाचलं. कुणीतरी कचेरीत बसून जुन्या कागदावरून उतरवलं होतं.

नवे साहेब पाहुण्यांच्या गडबडीत होते. खुशाल त्यांच्याजवळ गेला.

"साहेब, ते फलकावर चुकलं. हाडं नाई घातले आपण."

"असू दे रे. कोण वाचतंय."

"मी वाचलं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "काय फरक पडतो? खत ते खत."

खुशालला वाटलं, जाऊ द्यावं. खरंच वाटलं. सकाळी चारच्या एसटीनं आला होता, पेट्या उतरवल्या होत्या, पाठीत कळ होती. भांडायची ताकद नव्हती आणि इच्छाही. पण पाय तिथून हलेनात.

"बदला साहेब," तो म्हणाला. "नाईतर मी पेट्या उचलतो."

आवाज चढला नव्हता. तरी बाजूच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. क्षणभर त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग खिशातलं पेन काढून त्याच्या हातात आदळलं. "लिही तूच. काय लिहायचं ते."

खुशालनं शेवटचे दोन शब्द खोडले. पुठ्ठा खरबरीत होता, शाई नीट उठत नव्हती. त्यानं दाबून लिहिलं: 'मासळीचे, लेंड्यांचे, राख.' अक्षर वाकडं आलं, बाकीच्या छापल्यासारख्या ओळीखाली ते फार वाईट दिसत होतं. पेन परत दिलं. साहेब त्या दिवशी पुन्हा त्याच्याशी बोलले नाहीत, आणि पुढं वर्षभर मजुरांना नोकरीत कायम करायच्या यादीतही त्याचं नाव गेलं नाही. दोन्हींचा संबंध होता की नाही, कोण जाणे.

सत्याऐंशीला पुन्हा बरं पीक आलं. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, घड भरत असताना, तीन दिवस अवकाळी पाऊस झाला आणि गारा पडल्या. मांडवाच्या बल्ल्या आधीच वाळवीनं पोखरलेल्या, ओझ्यानं बसल्या. तारेसकट सगळा मांडव वेलांवर आला. खुशाल दोन दिवस एकेक फांदी सोडवत होता. मग वरून कागद आला, की हा प्रयोग या हवामानाला योग्य नाही, जागा आंब्याच्या कलमांसाठी घ्यावी.

वेल त्यानंच काढले. मुळं कमरेइतक्या खड्ड्यांतून चारी बाजूंना पसरली होती, कुदळीनं तोडताना आतून पाणी सुटत होतं. माती मात्र अशी झाली होती, की कुदळ टाकली की पायाच्या वजनानंच आत जाई. त्या मातीत आंब्याची कलमं लागली आणि जोमानं आली. मासळीच्या खताचे खड्डे चालूच राहिले, कारण ते बंद करा असं कुणी सांगितलं नव्हतं. आसपासचे दोन-चार शेतकरी वांग्यांसाठी खत मागायला येत, कसं करायचं विचारत. खुशाल सांगे. सगळं सांगून झालं की शेवटी म्हणे, "मेहनत लय आहे पण. पाह्यजा."

शेवटचा वेल उपटला त्या दिवशी तो घरी आला आणि रुखमाला म्हणाला, "मी उद्या नाई जात."

सोळा वर्षांत तो असा कधी म्हणाला नव्हता. रुखमानं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

तो दोन दिवस झोपला. मधे उठून पेज प्यायचा, पुन्हा आडवा व्हायचा. रुखमा बाहेर धान पाखडत होती, ती सुपाचा आवाजही होऊ नये म्हणून अंगण सोडून शेजारच्या आवारात जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, आंघोळ केली, सायकलच्या चाकात हवा कमी होती ती भरली. लिंबाची रोपं पिशव्यांतून बदलायची होती, चारशेच्या वर. तो कामावर गेला.